दोन यमुना : एक कादंबरी निराश का करते आणि दुसरी मनात का राहते?



पुस्तक परीक्षणाच्या वह्या तपासताना तुम्हालाही हा अनुभव आला असेल. तीस वह्या उघडा, तीसही वह्यांत जवळजवळ तीच वाक्यं. 'लेखकाची भाषा ओघवती आहे.' 'प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात.' 'प्रत्येकाने हे पुस्तक अवश्य वाचावे.' पुस्तक कोणतंही असो, परीक्षण एकच! पुस्तकाचं नाव झाकलं तर कशाविषयी लिहिलंय हे ओळखता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या एका मुलीने मात्र वेगळं लिहिलं. पुस्तक होतं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. तिने लिहिलं होतं, "या पुस्तकात विधवांची इतकी दुःखं आहेत, पण मला रडू आलं नाही. मला कंटाळा आला. याचं मलाच वाईट वाटलं." मी लाल शाईने शेजारी शेरा मारला : 'मराठीतील पहिल्या कादंबरीविषयी असे लिहू नये.' आणि गुण कापले.

तो शेरा चुकीचा होता. ती मुलगी त्या वर्गातली एकमेव अशी विद्यार्थिनी होती जिने पुस्तक खरोखर वाचलं होतं आणि वाचताना आपल्याला काय झालं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तिला 'का?' हा पुढचा प्रश्न विचारणं हे माझं काम होतं. मी तिला गप्प केलं. हा लेख म्हणजे त्या 'का?'चं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

तुलना कोणाची करायची?

एखादी कादंबरी निराश करते म्हणजे नेमकं काय होतं, हे मुलांना नुसत्या व्याख्येने कळत नाही. दोन पुस्तकं शेजारी ठेवावी लागतात. पण ती कोणतीही दोन नकोत. एक ऐतिहासिक आणि एक विनोदी अशी जोडी घेतली तर मुलं 'मला विनोदी आवडतं' एवढंच सांगून मोकळी होतात. विषय एक, हेतू एक, तरी परिणाम वेगळा, अशी जोडी हवी.

मराठीत अशी एक सुंदर जोडी आहे. पहिलं पुस्तक 'यमुनापर्यटन', 1857 सालचं. दुसरं हरि नारायण आपटे यांचं 'पण लक्षात कोण घेतो?'. हे 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलं आणि 1893 मध्ये पुस्तकरूपाने निघालं. दोन्हींचा विषय विधवांची स्थिती. दोन्ही लेखकांना समाज बदलायला हवा होता. आणि गंमत अशी, की दोन्ही नायिकांचं नावही एकच, यमुना! हरिभाऊंच्या यमुनेला घरात सगळे 'यमू' म्हणतात, एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फरक किती मोठा आहे ते पुढे दिसेल.

आधी फक्त शीर्षकं वाचू

वर्गात सुरुवात शीर्षकांपासून करावी. पहिल्या पुस्तकाचं पूर्ण नाव आहे 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, "हे कादंबरीचं नाव वाटतं का?" बहुतेक मुलं म्हणतात, "नाही, हे तर प्रकल्पाचं नाव वाटतं." बरोबर. 'निरूपण' म्हणजे विषय मांडून सांगणं. लेखकाने आपला हेतू लपवलेला नाही. तो आपल्याला माहिती देणार आहे.

आता दुसरं लिहा. 'पण लक्षात कोण घेतो?' हे नाव नाहीच, हे कोणीतरी उच्चारलेलं वाक्य आहे. तेही 'पण'ने सुरू होतं. म्हणजे आधी काहीतरी बोलून झालेलं आहे, सांगून सांगून दमायला झालंय, आणि मग तोंडातून हे निघालंय. मुलांना विचारा, हे वाक्य कोण म्हणतंय? कोणाला म्हणतंय? कोणत्या सुरात? पुस्तक न उघडताच एक माणूस वर्गात येऊन उभा राहतो. निरूपण ऐकायचं असतं. या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

पहिली यमुना : जी सगळं पाहते

'यमुनापर्यटन'चं कथानक थोडक्यात असं. यमुना शिकलेली आहे, मिशनच्या शाळेतल्या शिक्षणाने तिचं मन ख्रिस्ती विचारांकडे वळलेलं आहे. तिचा नवरा विनायक समंजस आणि सुधारक वृत्तीचा. दोघं प्रवासाला निघतात. गावोगावी त्यांना वेगवेगळ्या विधवा भेटतात. कोणाचं केशवपन झालेलं, कोणाचा घरात छळ, कोणाची फसवणूक. प्रत्येक ठिकाणी हकिकत ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि पुढच्या गावी जायचं. पुढे विनायक मरण पावतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो.

यातल्या हकिकती खोट्या नाहीत. त्या काळात घराघरांत हेच चाललं होतं. तरी अकरावीतल्या त्या मुलीला रडू का आलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, यमुना बराच वेळ प्रेक्षक आहे. दुःख इतरांचं, ती पाहणारी. एका बाईची कहाणी संपते न संपते तोच दुसरी येते. कोणाच्याच घरात आपण मुक्काम करत नाही. बसच्या खिडकीतून गावं दिसावीत तशा या बायका दिसतात आणि मागे पडतात. दहा दुःखं एकामागून एक सांगितली म्हणजे दहापट वाईट वाटतं असं नाही. उलट मन बधिर होतं. एकाच बाईपाशी थांबलं असतं तर जास्त लागलं असतं.

दुसरं कारण, माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, वाद घालतात. म्हणजे भांडत नाहीत हो, मुद्दे मांडतात. एक पात्र रूढीची बाजू घेतं, दुसरं तिचं खंडन करतं, आणि कोण जिंकणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. वक्तृत्व स्पर्धेत विरोधी बाजूच्या मुलाला मुद्दाम कच्चे मुद्दे लिहून दिले तर ती स्पर्धा पाहण्यात मजा येईल का? तसंच हे.

तिसरं कारण शेवट. यमुनेचा प्रश्न सुटतो, पण तो लेखकाने जे आधीच ठरवलं होतं त्या उत्तराने सुटतो. प्रवास सुरू होण्यापूर्वीच तिचं मन कुठे वळलंय ते आपल्याला माहीत असतं. वाटेत जे दिसतं त्याने तिची खात्री पक्की होते, पण ती गोंधळते, चुकते, मागे फिरते असं फारसं घडत नाही. इथे धर्म कोणता, हा मुद्दा नाही. शेवटी तिने दुसरा कोणताही मार्ग धरला असता आणि तोही पहिल्या पानापासून ठरलेला असता, तरी आपली तक्रार हीच राहिली असती.

दुसरी यमुना : जिच्यावर सगळं येतं

आता हरिभाऊंची यमू. इथे निवेदनच यमू करते. ती लहानपणापासून आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते, पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या बायका बोलतात त्या भाषेत. घरात वडिलांचा दरारा, त्यांच्यापुढे दबून वागणारी सोशिक आई, पाठीशी उभा असणारा दादा, जिवाभावाची मैत्रीण दुर्गी. सुरुवातीला विधवांचा प्रश्न वगैरे काही नाही. आहे ते एक घर. त्यात एक मुलगी मोठी होते आहे.

विधवांच्या प्रश्नावरची कादंबरी, आणि नायिका बराच काळ विधवा नाही! मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. पण खरी गोम इथेच आहे. यमूचं लहान वयात लग्न होतं. सासरी जाच आहे, पण नवरा रघुनाथराव चांगला आहे. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, आणि हे शिकणं घरातल्यांच्या डोळ्यांत खुपतं. पुढे दोघं मुंबईला येतात. तिथे त्यांना समविचारी माणसं भेटतात, मोकळेपणा मिळतो. थोडे दिवस का होईना, यमू सुखात असते. आपणही तिच्याबरोबर सुखावतो. म्हणूनच रघुनाथराव जातो तेव्हा 'आणखी एक बाई विधवा झाली' असं आपल्याला वाटत नाही. यमूचं सगळं गेलं असं वाटतं. काय गमावलं हे माहीत असल्याशिवाय गमावण्याचं दुःख कळत नाही. हरिभाऊंनी ते आधी शेकडो पानं खर्चून आपल्याला दाखवलेलं असतं.

मग सासरच्या घरातले शंकरमामंजी यमूच्या केशवपनाचा घाट घालतात आणि ते जबरदस्तीने होतं. 'यमुनापर्यटन'मध्येही केशवपनाविषयी खूप आहे. तिथे आपण ती रूढी किती वाईट आहे हे ऐकतो. इथे मात्र ते डोकं यमूचं असतं. पुस्तकाच्या सुरुवातीपासून आपण तिला ओळखतो. रूढी तीच. आधी ती 'विधवांची' होती, आता ती आपल्या माणसाची झाली.

आणखी एक गोष्ट पाहा. यमूची आई वारल्यावर वडील पुन्हा लग्न करतात. घरातल्या कोणाला त्यात फार काही वावगं वाटत नाही. पुढे यमू विधवा होते तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं ते आपण पाहतो. या दोन घटना एका ओळीत ठेवून 'पाहा, पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा' असं व्याख्यान देण्याची गरजच उरत नाही. दोन घटनांमधली रेघ वाचणारा स्वतः ओढतो. आणि स्वतः ओढलेली रेघ पुसली जात नाही. मुलांना गणिताचं उत्तर आयतं सांगितलं तर ते विसरतात, स्वतः सोडवलं तर लक्षात राहतं, हे आपण शिक्षक रोज अनुभवतो. कादंबरीचंही तसंच आहे.

शेवट गोड, तरी निराशा. शेवट कडू, तरी समाधान

इथे मुलांचा एक मोठा गैरसमज दूर करता येतो. त्यांना वाटतं, शेवट गोड असला की पुस्तक समाधान देतं. या जोडीत नेमकं उलटं आहे. पहिल्या यमुनेचं पुन्हा लग्न होतं, आयुष्य मार्गी लागतं, आणि आपण पुस्तक मिटून बाजूला ठेवतो. हरिभाऊंची कादंबरी यमूला असा सुटकेचा रस्ता देत नाही, तरी पुस्तक मिटल्यावरही ती मनातून जात नाही.

म्हणजे समाधान हे पात्राच्या सुखात नसतं. जे घडलं ते या माणसांच्या बाबतीत असंच घडलं असतं, हे आतून पटणं म्हणजे समाधान. आणि निराशा म्हणजे पात्राचं दुःख नव्हे. लेखकाने पात्राला हाताला धरून आपल्याला हव्या त्या जागी नेऊन बसवलं, हे जाणवणं म्हणजे निराशा.

मग पदमनजी कमी पडले का?

इथे थांबून जरा न्यायाने बोलायला हवं. नाहीतर मुलं एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात.

बाबा पदमनजींचा जन्म 1831 चा, बेळगावचा. 1854 मध्ये ते ख्रिस्ती झाले. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी 'यमुनापर्यटन' आलं. म्हणजे प्रश्न अगदी ऐरणीवर होता, आणि पंचविशीतला हा लेखक त्याला हात घालत होता. त्यांच्यापुढे मराठीत आजूबाजूच्या घरांतल्या माणसांची कादंबरी कशी लिहायची याचा नमुनाच नव्हता. बनियनच्या पुस्तकाचं 'यात्रिकक्रमण' हे हरि केशवजींनी केलेलं मराठी भाषांतर 1841 मध्ये आलेलं होतं. एका प्रवासातून धर्माचा बोध देणारी ती रचना. पदमनजींनी प्रवासाचा साचा निवडला त्यामागे अशा पुस्तकांचा संस्कार असावा असं मला वाटतं.

आणि पुढे काय झालं ते पाहा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. मराठी कादंबरी अद्भुतरम्य कथांकडे वळली, राजवाडे आणि राजकन्यांमध्ये रमली. शेजारच्या घरातली विधवा त्या पुस्तकांत कुठली सापडायला? पदमनजींनी जो विषय 1857 मध्ये धरला होता, तो तितक्या थेटपणे पुन्हा हाती यायला हरिभाऊ यावे लागले. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी गद्य घडलं, मासिकं-साप्ताहिकं वाढली, आगरकरांसारखे लेखक सुधारणेविषयी रोखठोक लिहू लागले. हरिभाऊंनी इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचल्या होत्या. त्यांच्या हाताशी पुष्कळ काही होतं.

म्हणून 'निराश करणारं पुस्तक' आणि 'टाकाऊ पुस्तक' हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. 'यमुनापर्यटन' महत्त्वाचं आहे, धाडसी आहे, आणि कादंबरी म्हणून आपल्याला पुरेसं भिडत नाही. ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. माझ्या लाल शेऱ्यात हेच हरवलं होतं. पुस्तक महत्त्वाचं आहे म्हणून ते आवडलंच पाहिजे, असा मी हट्ट धरला होता.

तसंच 'पण लक्षात कोण घेतो?' निर्दोष आहे असंही नाही. ते दर आठवड्याला साप्ताहिकातून येत होतं, त्यामुळे पाल्हाळ आहे. आजच्या मुलांना काही प्रकरणं लांबलेली वाटतात. शंकरमामंजी तर बरेचदा निव्वळ दुष्ट वाटतात. त्यांना यमूइतकं आतून रंगवलेलं नाही. मुलांनी हे लिहिलं तर गुण कापू नका. मीही आता कापत नाही.

वर्गात कसं घ्यावं?

दोन्ही पुस्तकं पूर्ण वाचून घेणं सगळ्या वर्गाला शक्य नाही. हरिभाऊंचं पुस्तक तर बरंच मोठं आहे. मी दोन्हींमधली दोन-दोन प्रकरणं वाचायला देतो, बाकीचं कथानक तोंडी सांगतो, आणि ज्यांना गोडी लागेल त्यांना सुट्टीत पूर्ण वाचायला सुचवतो. मग पुढचे प्रश्न देतो. हे प्रश्न कोणत्याही दोन पुस्तकांना चालतात.

1. या प्रकरणात नायिकेला काय हवंय? ते तिला हवंय की लेखकाला?
2. नायिका या प्रसंगातून काढून टाकली तर प्रसंग बदलेल का? बदलत नसेल तर ती तिथे कशासाठी आहे?
3. लेखकाला न पटणारं बोलणारं पात्र शहाणं वाटतं की मुद्दाम मूर्ख केलेलं?
4. अशी एक गोष्ट सांगा जी लेखकाने सांगितली नाही, पण तुम्हाला कळली.
5. शेवट कधी कळला? शेवटी, मध्ये, की पहिल्या पानावर?
6. पुस्तक आवडलं नसेल, तरी त्याने कोणतं काम पहिल्यांदा केलं?

सहावा प्रश्न विसरू नका. पहिल्या पाच प्रश्नांनी मुलं चिकित्सक होतात, पण नुसती चिकित्सा करून ती उर्मट होण्याची भीती असते. सहावा प्रश्न त्यांना नम्र ठेवतो.

एक नियम मात्र कडक ठेवायचा : 'कंटाळा आला' असं लिहायला पूर्ण मुभा, पण त्यापुढे 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे. आणि 'आवडलं' असं लिहिणाऱ्यालाही तोच नियम! 'भाषा ओघवती आहे' असं लिहायचं असेल तर एक वाक्य काढून दाखवा आणि ते ओघवतं कसं ते सांगा. पहिल्या वेळी वह्या निम्म्या रिकाम्या येतात. घाबरू नका. ती रिकामी जागा त्या छापील वाक्यांपेक्षा बरी. तीन-चार पुस्तकांनंतर ती भरू लागते.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मूल म्हणतं, "आई, हे पुस्तक बोअर आहे." आपण लगेच म्हणतो, "असं म्हणू नये, एवढ्या मोठ्या लेखकाचं आहे." मुलाला यातून काय कळतं? की पुस्तक हे आवडून घ्यायचं असतं, आणि आवडलं नाही तर चूक आपलीच. अशी दोन-चार पुस्तकं झाली की मूल पुस्तकांपासून दूर जातं. आपण मग मोबाइलला दोष देतो.

त्याऐवजी एवढंच विचारून पाहा, "कुठल्या पानापासून कंटाळा आला रे?" मूल पुस्तक उघडतं, पानं चाळतं, जागा शोधतं. शोधता शोधता कधी म्हणतं, "इथपर्यंत छान होतं, मग तो माणूस भाषणच द्यायला लागला." बघा, त्याने समीक्षा केली! तिला समीक्षा म्हणतात हे त्याला माहीत असण्याची गरज नाही.

ती अकरावीतली मुलगी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. तिची वही आज माझ्या हातात आली, तर तो लाल शेरा खोडून मी खाली एकच ओळ लिहीन : 'तुला वाईट वाटलं नाही याचं तुला वाईट वाटलं, हे फार चांगलं लिहिलंस. आता यमूला भेट.' आणि कापलेले गुण परत देईन.